मिरजेतलं ओसीटी सेंटर : मशीनला पाच, प्रिंटरला शून्य

ओसीटी म्हणजे प्रकाशानं डोळ्याच्या पडद्याच्या थरांची जाडी मोजायची तपासणी. एकूण पाचपैकी साडेतीन स्टार. दीड स्टार कुठं कापला ते पुढं येईलच, पण त्याचा डॉक्टरांशी किंवा मशीनशी संबंध नाही एवढं आधीच सांगून ठेवतो. सेंटरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, आणि मला अजून दरवर्षी तिथंच जायचंय.

माझा सांगलीत छापखाना आहे. आजोबा खिळे जुळवायचे, वडिलांनी ट्रेडल चालवलं, मी मिनी ऑफसेट. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणूक लागली की पत्रकं. मार्च २०२२ मध्ये एका पत्रिकेचा जॉब चालू होता. वरचा गणपती कुंकवासारखा लाल हवा अशी पार्टीची अट. मशीनवरून शीट उचलली, दहापट भिंगाखाली धरली, तर लाल कसला, जुन्या कौलाचा रंग. कामावरच्या पोराला झापलं. रोलर धुवायला लावले, शाई नव्यानं घातली. दुसऱ्यांदा तेच. पोरगा म्हणाला, "दादा, लालच आहे की." मी तापलेलो, भिंग या हातातून त्या हातात घेतलं आणि सवय नसताना डाव्या डोळ्याला लावलं. गणपती चकचकीत लाल! परत उजव्याला लावलं, कौल. परत डाव्याला, कुंकू. पोरगा माझ्याकडं बघत उभा.

दोन दिवसांपासून उजवा डोळा कडेला फिरवला की आत ठणकायचं, ते तेव्हा आठवलं. उन्हाचं असेल म्हणून सोडून दिलं होतं.

पुढचं झरझर सांगतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऑप्टिक न्यूरायटिस म्हणजे डोळ्यातून मेंदूकडं जाणाऱ्या नसेला सूज असं निदान केलं. मेंदूचा एमआरआय झाला, रक्ताच्या तपासण्या झाल्या, तीन दिवस सलाईनमधून रोज १ ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, या औषधानं नजर लवकर परत येते, पण शेवटी किती येणार त्यात याचा फारसा हात नसतो. हे नव्वदच्या दशकातल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासावरून कळलेलं आहे. त्याच अभ्यासातले रुग्ण पुढं १५ वर्षं पाहिले, तेव्हा ज्यांचा मेंदूचा एमआरआय सुरुवातीला स्वच्छ होता त्यांच्यातल्या २५ टक्के लोकांना पुढं मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे शरीर स्वतःच्याच मेंदूतल्या नसांवर हल्ला करतं तो आजार, निघाला. एक जरी डाग होता त्यांच्यात ७२ टक्के. माझा एमआरआय स्वच्छ. म्हणून मी २५ वाल्यांच्या रांगेत. या रांगेत उभं राहायचं म्हणजे दर काही महिन्यांनी ओसीटी करायची.

ओसीटी म्हटल्यावर मला वाटलं चष्म्याच्या नंबराचं काहीतरी असेल. "मेंदूची तपासणी आहे," डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी हसलो. पण ते गंमत करत नव्हते. गर्भ वाढताना मेंदूच्याच एका भागाला फुगवटा येतो, तो पुढं सरकतो आणि डोळ्याचा पडदा होतो. म्हणजे सगळा मेंदू कवटीत बंद, आणि त्यातला एवढा एक तुकडा काचेच्या मागं मांडून ठेवलेला. पडद्यावरून १० ते १२ लाख तंतू गोळा होऊन नस बनते आणि मागं जाते. डोळ्याबाहेर पडल्यावर त्या तंतूंवर मायलिनचं वेष्टण चढतं, वायरीवर प्लास्टिक असतं तसं. डोळ्याच्या आत मात्र तंतू उघडेच. त्यामुळं आत त्यांच्या थराची जाडी मोजली की वेष्टण मोजायचा घोळ नाही, नुसती तार मोजली जाते. मागं नसेत आजारानं तारा मेल्या, तर काही महिन्यांत त्याचा हिशेब डोळ्यात दिसतो. थर पातळ होतो.

आता सेंटर. पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, पार्किंगचं देवाला माहीत. अपॉइंटमेंट ११ ची होती, आत गेलो पावणेएकला. मिरजेच्या मानानं ठीक. खोली अंधारी आणि गार, मे महिन्यात गेलात तर बाहेर यावंसं वाटत नाही. मशीन टेबलावर मावेल एवढं. हनुवटी टेकायची, कपाळ पट्टीला लावायचं. मशीनवर बसणाऱ्या मॅडम पंचविशीच्या असतील. मला पहिल्याच वाक्याला "काका" म्हणाल्या. अडतिसाव्या वर्षी. असो, त्यांच्या हातात मशीन होतं.

"काका, हिरवी फुली दिसते का? तिच्याकडंच बघा, पापणी मिटून एकदा घ्या, आता नाही."

आत एक हिरवी फुली दिसते आणि तिच्याभोवती लाल रेघ वरून खाली सरकत जाते. मोजायचा प्रकाश खरं तर ८४० नॅनोमीटरच्या आसपासचा, जवळजवळ अदृश्य, त्याची ही पुसट लाल झाक तेवढी आपल्याला कळते. डाव्या डोळ्याला ती रेघ निखाऱ्यासारखी दिसली. उजव्याला तीच रेघ, तेच मशीन, आणि रंग त्या कौलाचा. माझ्या नसेचं काय झालंय ते मशीननं कागदावर काढायच्या आधीच मला त्या रेघेत दिसलं. प्रत्येक डोळ्याला दोन स्कॅन, एक नस जिथून बाहेर पडते त्या तबकडीभोवतीचा, दुसरा पडद्याच्या मधल्या भागाचा. एकेक स्कॅन काही सेकंदांचा. इंजेक्शन नाही, एक्स-रे नाही, दुखायचं तर नावच नाही. मशीनला पाचपैकी पाच, हात आखडता न घेता.

हे चालतं कसं ते मी घरी येऊन वाचलं, कारण मोजमापाच्या गोष्टीत डोकं घातल्याशिवाय मला झोप येत नाही. सोनोग्राफीत आवाज आत सोडतात आणि किती वेळानं परत आला त्यावरून खोली काढतात. प्रकाशाच्या बाबतीत तसं करता येत नाही, तो इतका पळतो की पाच मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतराचा वेळ मोजणारं घड्याळच नाही. म्हणून प्रकाशाचे दोन भाग करतात. एक डोळ्यात, एक आरशावर. दोन्ही परत आले की एकमेकांत मिसळतात आणि त्यांचे पट्टे उमटतात. छपाईतल्या माणसाला हे पटकन कळेल. दोन रंगांच्या जाळ्यांचे अँगल जरासे चुकले की पानभर नको ते मोठे पट्टे दिसतात. चूक केसाएवढी, पट्टा बोटाएवढा. आम्ही त्या पट्ट्यांना शिव्या घालतो. या लोकांनी त्याच जातीच्या करामतीतून मोजपट्टी काढली. अमेरिकेत एमआयटीमध्ये डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो, एरिक स्वॉन्सन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९१ मध्ये हे पहिल्यांदा छापून आणलं, आणि २०२३ मध्ये या तिघांना लास्कर पुरस्कार मिळाला. २००२ च्या सुमाराचं मशीन सेकंदाला ४०० उभ्या रेघा घ्यायचं. आता मिरजेतलं साधं मशीनसुद्धा २५ हजारांच्या वर घेतं. म्हणून तर डोळा हलायच्या आत काम होतं.

माझी भाची बंगळुरात उंदरांच्या मेंदूवर काम करते. तिला फोनवर हे सगळं कौतुकानं सांगितलं तर म्हणाली, "मामा, तू नशीबवान आहेस. आमच्या उंदराच्या कवटीला भोक पाडून काच बसवावी लागते." तिचं टू-फोटॉन मायक्रोस्कोप, १९९० मध्ये कॉर्नेल विद्यापीठात डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी काढलेलं. त्याच्यातून एकेक पेशी चमकताना दिसते म्हणे, पण खोली मिलिमीटरच्याही आतच. आणि माणसाच्या डोक्यावर बाहेरून टोपी घालून प्रकाश टाकायचा प्रकारही आहे, त्यात वरवरच्या थरातलं रक्त कमी-जास्त झालेलं कळतं, एकटी पेशी काही दिसत नाही. म्हणजे काच बसवायची नाही आणि बारीकही बघायचं, असं दुकान माणसात एकच, डोळा.

तर रिपोर्ट. इथून दीड स्टार जायला लागतात.

ओसीटीचा रिपोर्ट रंगावर चालतो. तुमच्या वयाच्या निरोगी लोकांशी तुलना करून मशीन रंग भरतं : हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे तळातल्या ५ टक्क्यांत, लाल म्हणजे तळातल्या १ टक्क्यात. सरासरीपेक्षा फारच जाड असेल तर पांढरा. एक आलेखही असतो, उंटाच्या पाठीसारखा दोन कुबडांचा, कारण तबकडीच्या वर आणि खाली तंतूंचे जुडगे जाड असतात. त्याच्याही मागं हिरवा-पिवळा-लाल पट्टा. आणि हा रिपोर्ट मला मिळाला ब्लॅक अँड व्हाइट. टोनर संपत आलेल्या लेझर प्रिंटरवर, मधोमध उभी पांढरी चीर. हिरवा राखाडी, लाल राखाडी, पिवळा फिका राखाडी. काउंटरवर विचारलं, तर "सर, डॉक्टरांना कळतं." डॉक्टरांकडं मी तोच कागद घेऊन जाणार ना? १,५०० रुपये घेतलेत, त्यात कलर पानाचे १० रुपये बसत नाहीत? मी कार्ड दिलं, म्हटलं सांगलीला फाइल पाठवा, मी फुकट छापून देतो. हसून ड्रॉवरमध्ये टाकलं.

आकडे मात्र काळ्या शाईत स्वच्छ होते. उजवा १२१ मायक्रॉन, डावा ९८. मी खूश. आजारी डोळा जास्त जाड! डॉक्टरांनी खुशी उतरवली. ती सूज होती. पावसाळ्यात ओल खाल्लेला कागद गेजमध्ये धरला तर जाडच येतो, म्हणून काही त्यातला माल वाढत नाही. सूज उतरली की खरा आकडा दिसणार, त्याला तीन ते सहा महिने. मधल्या भागातल्या पेशींच्या थराला तशी सूज येत नाही, त्यामुळं खरं काय ते तिथं आधी कळतं. म्हणून दोन्ही स्कॅन करून घ्यायचे. काही ठिकाणी एकच करतात, आपण विचारायचं.

सप्टेंबरमध्ये उजवा ७२, डावा ९७.

छापखान्यात माझ्या टेबलावर मायक्रोमीटर असतो. त्या संध्याकाळी पोरं गेल्यावर ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो, म्हणजे वह्या-पुस्तकांचा पांढरा कागद, त्यात धरला. १०० च्या आसपास. म्हणजे माझा डावा डोळा. मग न्यूजप्रिंटचा तुकडा धरला. ७० च्या जरासा खाली. दोन्ही कागद एकापुढं एक बोटात घेऊन चोळले. फरक बोटाला कळतो. डोळे मिटून कुणीही सांगेल हा कोणता आणि तो कोणता. बायको जेवायला बोलवायला आली, मी म्हटलं, "बघ, मॅपलिथोवरून न्यूजप्रिंटवर आलोय." ती म्हणाली, "न्यूजप्रिंटवर पेपर छापतातच की," आणि दिवा घालवून गेली.

तक्त्यावर म्हणाल तर उजव्या डोळ्यानं मी शेवटची ओळ वाचतो. नजर ६/६. गेलाय तो लालाचा जोर आणि फिक्यावर फिकं ओळखायची ताकद. मे महिन्यात दुपारी मशीनजवळ दोन तास काढले की उजव्या डोळ्याला सगळं धुऊन काढल्यासारखं पांढुरकं होतं, गार पाणी तोंडावर मारून पंख्याखाली बसलो की परत येतं. याला ऊटहॉफ म्हणतात, जर्मन डॉक्टरच्या नावावरून. नाव कळलं की भीती निम्मी होते. आता रंग फायनल करायचा तो डाव्या डोळ्यानं आणि सकाळच्या वेळी.

ऑगस्ट २०२३ ला तिसरी फेरी. मॅडम सुट्टीवर, एक नवा मुलगा मशीनवर. घाईत. रिपोर्ट हातात आला, उजवा ६५. जिन्यातच बसलो. सात मायक्रॉन गेले म्हणजे आजार आत चालूच आहे की काय. मग कागद नीट बघितला. वर कोपऱ्यात सिग्नल स्ट्रेंग्थ म्हणून बारीक अक्षरात आकडा असतो, १० पैकी. त्यांच्या मशीनवर ६ तरी हवा असं डॉक्टर बोलले होते. माझा ५. डोळे कोरडे पडले, पापणी मध्ये आली, चित्र अंधुक आलं की मशीनला थराची कड सापडत नाही आणि आकडा उगाच कमी येतो. परत वर गेलो. मुलगा कुरकुरला, "एकदा झालंय सर, परत चार्ज लागेल." तेवढ्यात आतून डॉक्टर आले, कागदावर नजर टाकली आणि एक शब्द न बोलता मला परत खुर्चीत बसवलं. डोळ्यात अश्रूंसारखे थेंब घातले, दोन मिनिटं मिटून ठेवायला लावले. सिग्नल ८. उजवा ७१, डावा ९७. पैसे घेतले नाहीत. अर्धा स्टार जाणार होता, तो डॉक्टरांनी वाचवला.

एखाद-दुसऱ्या मायक्रॉननं छाती धडधडू द्यायची नाही हेही त्याच दिवशी कळलं. तोच डोळा, तेच मशीन, दहा मिनिटांनी परत काढलं तरी दोन-तीन इकडंतिकडं होतात.

एवढं शिकून चौथ्या फेरीला मी स्वतःच फसलो. ऑगस्ट २०२४. मॅडम परत आलेल्या, खोलीला नवा रंग, स्कॅन सुरेख झाला. सिग्नल उत्तम. उजवा ८१! मेलेले तंतू परत येत नाहीत हे मला पाठ होतं, तरी ८१ वाचल्यावर पाठांतर कुणाच्या लक्षात राहतं. बसस्टँडजवळ अर्धा किलो पेढे घेतले. घरी देवापुढं ठेवले, पोरांना वाटले, एक स्वतः तोंडात टाकला आणि कागद परत उघडला. डावा १०६.

डावा तर कधी आजारीच नव्हता. तो कशाला ९ नं वाढेल?

पेढा तोंडात तसाच. जुने रिपोर्ट काढून शेजारी मांडले. खालच्या कोपऱ्यातलं मशीनचं नाव वेगळं. सेंटरनं मशीन बदललं होतं, आणि रंगाच्या वासात मला ते कळलंच नाही. प्रत्येक कंपनीचं सॉफ्टवेअर थराची कड आपापल्या पद्धतीनं धरतं, त्यामुळं एका मशीनचा आकडा दुसऱ्याशी जोडायचा नसतो. माझ्या धंद्यात तर हा पहिला धडा : कागदाची गड्डी ज्या गेजनं मोजली त्याच गेजनं पुढची मोजायची. ९७ वजा ७२, २५. १०६ वजा ८१, तेही २५. दोन डोळ्यांतला फरक जागच्या जागी होता. डॉक्टर या फरकाकडं बघतातच. २०२४ च्या सुधारित मॅकडोनाल्ड निकषांत, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस ठरवायच्या नियमांत, डोळ्याच्या नसेलाही आता जागा दिली आहे आणि तिथली इजा ओसीटीवरून दाखवता येते. माझं काही वाढलं नव्हतं आणि कमीही झालं नव्हतं. पेढे वाया गेले असं म्हणता येणार नाही. पण मशीन बदललं हे काउंटरवर तोंडानं सांगायला काय पैसे पडतात? याचा पूर्ण एक स्टार कापला. उरलेला अर्धा प्रिंटरचा.

जाणाऱ्यांसाठी फुटकळ : जुने रिपोर्ट दरवेळी बरोबर न्या. सकाळची पहिली वेळ मागा, मशीनवरचा माणूस ताजा असतो. चष्म्याचा मायनस नंबर मोठा असेल तर रिपोर्टात लाल दिसल्या दिसल्या रडू नका, लांब डोळ्यांच्या लोकांना मशीन उगाच लाल दाखवतं, डॉक्टरांना विचारा. खाली वडापाव मिळतो, बरा आहे.

पाचवी फेरी गेल्या ऑगस्टमध्ये. आकडे नव्या मशीनशी जुळते, ८० आणि १०६. फाइल घ्यायला काउंटरवर गेलो तर नवाकोरा इंकजेट. माझ्या कार्डाचा परिणाम असेल-नसेल, पण कलर रिपोर्ट! मोठ्या खुशीत हातात घेतला. हिरवे चौकोन हिरवे. डाव्या डोळ्याचं सगळं हिरवं. उजव्याच्या सरासरीचा चौकोन, जो इतकी वर्षं लाल असल्याचं डॉक्टर सांगत आले, तो पिवळा.

एकदा पेढे खाऊन झाले होते. उजवा डोळा हातानं झाकला, डाव्यानं बघितलं. पिवळाच. खिशातून भिंग काढलं. लालासाठी लागतात मजेंटाचे ठिपके आणि पिवळ्याचे ठिपके. तिथं पिवळे होते, मजेंटाचा एकही नाही.

"मॅडम," मी म्हटलं, "तुमचा मजेंटा संपलाय."

मॅडमनी कागद घेतला, उजेडात धरला, मग माझ्याकडं बघितलं. "काका, तुम्हाला लाल नीट दिसत नाही ना?"

मी भिंग त्यांच्या हातात दिलं.